गैरहजर खेळाडूचं काय करायचं

१

रविवारी दवाखाना बंद असायचा, आणि बरोबर तीन वाजता चार माणसं त्याच्या वेटिंग रूममध्ये येऊन बसायची. दात कुणाचाच दुखत नसायचा. दाताचे डॉक्टर स्वतः मासिकांचा ढीग खाली सरकवून टेबल मोकळं करायचे, त्यावर चौकटी आखलेला मोठा कागद पसरायचे आणि आपल्यापुढे पुठ्ठ्याचा एक आडोसा उभा करायचे. आडोशामागे त्यांची वही आणि वीस बाजूंचा फासा. आडोशापुढे बाकीचे तिघं, आणि एक रिकामी खुर्ची.

खेळ सोंगांचा होता. ग्रंथपालबाई मांत्रिक व्हायच्या, बेकरीवाले योद्धा व्हायचे, ताई किल्ल्याची पहारेकरी व्हायची. डॉक्टर सूत्रधार. ते गोष्ट सांगत न्यायचे, समोर भुयार आहे, आतून पाण्याचा आवाज येतोय, बोला काय करता? मग ज्याने त्याने आपलं पात्र काय करतं ते सांगायचं, फासा टाकायचा, आणि त्या आकड्याला काय होतं ते नियमांच्या जाड पुस्तकात बघायचं. निदान ताईची तशी समजूत होती. डॉक्टरांची नव्हती. पुस्तक हे टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घालायला छापलंय, अशा थाटात ते वागायचे.

ताई वजनमाप खात्यात निरीक्षक होती. एकवीस वर्षं तिने दुकानदारांचे तराजू तपासले होते. "एवढ्यातेवढ्याने काय होतंय हो मॅडम," असं म्हणणाऱ्याचा तराजू ती हसत हसत जप्त करायची. तिला या खेळात आणलं होतं तिच्या धाकट्या भावाने. तो ताई म्हणायचा म्हणून मग सगळेच म्हणायला लागले, अगदी तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले बेकरीवालेसुद्धा.

या टेबलावरची एक रीत होती, जी कुठल्याच पुस्तकात नव्हती. एखादा खेळाडू आला नाही तर त्याचं पात्र दाराशी उभं करायचं. बेकरीवाल्यांनी मीठ घातलेल्या कणकेच्या सोंगट्या भट्टीत भाजून आणल्या होत्या, त्यातली त्याची सोंगटी कागदाच्या कडेला ठेवायची आणि डॉक्टर म्हणायचे, "तो दाराशी उभा आहे." दाराशी उभ्या असलेल्या पात्राला काही होत नाही. त्याला कुणी मारत नाही, त्याला काही मिळतही नाही. पुढच्या रविवारी माणूस आला की पात्र आत. साधी सोय होती. बेकरीवाले पुतणीच्या लग्नाला गेले तेव्हा त्यांचा योद्धा दोन आठवडे तिथे उभा होता.

धाकट्याची सोंगटी अकरा महिने उभी होती.

२

त्या रविवारी ताईची पहारेकरी एका लोखंडी दरवाजापाशी पोचली. कुलूप होतं. ताईने फासा टाकला. वीस. याहून मोठा आकडा त्या फाशावर नाही.

"उघडलं," बेकरीवाले म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली. त्यांची एक खोड होती, निवाडा द्यायच्या आधी ते ताईच्या डोक्यावरून पलीकडे क्षणभर बघायचे. तसं बघितलं आणि म्हणाले, "नाही उघडत."

"म्हणजे?"

"कुलूप गंजलंय. नाही उघडत."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पुस्तक ओढलं, पान काढलं आणि बोट ठेवलं. "पान एक्केचाळीस. वीस पडले तर कोणतंही कुलूप उघडतं. कोणतंही. गंजलेलं सोडून, असं लिहिलंय का इथे? मला दाखवा."

"पुस्तकात सगळं नसतं, ताई."

"पुस्तकात आहे ते तरी माना! नाहीतर फासे कशाला टाकायचे? तुम्ही आपले मनाला येईल ते सांगत बसा, आम्ही माना डोलावतो. दर आठवड्याला तेच चाललंय. वीस पडले तरी नाही, एक पडला तरी नाही. मग आम्ही इथे खेळायला येतो की तुमचं कीर्तन ऐकायला?"

ग्रंथपालबाई खुदकन हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. हा माणूस एरवी कधी चिडायचा नाही, वेदनेने ओरडणाऱ्या पेशंटशी ज्या आवाजात बोलायचा त्याच आवाजात तो म्हणाला, "नाही उघडत. पुढे चला."

आतल्या खोलीत, दात तपासायच्या खुर्चीशेजारच्या बेसिनमध्ये नळ ठिबकत होता. ताईला त्या ठिबकण्याचासुद्धा राग आला.

३

राग तिला सगळ्यांचाच यायचा, आणि त्याला कारण होतं.

धाकटा तलावावरच्या पंपघरात ऑपरेटर होता. अकरा महिन्यांपूर्वी एका सकाळी तो कामावर गेला. हजेरीच्या वहीत येण्याची सही आहे. जाण्याची नाही. डबा पंपघरात सापडला, अर्धा खाल्लेला. चपला दाराबाहेर. माणूस नाही. चार दिवस तलावात गळ टाकून शोधलं, काही लागलं नाही. पाणीपुरवठा खात्याने सांगितलं की बाहेर गेल्याची सही नसल्याने त्याला कामावरून गेला असं म्हणता येत नाही, आणि हजर नसल्याने कामावर आहे असंही म्हणता येत नाही. पोलीस म्हणाले, शोध चालू आहे. त्याचे साहेब म्हणाले, बघू.

बघू! ताईला त्या शब्दाची चीड बसली होती. कुणीही तिला हो किंवा नाही म्हणत नव्हतं. घरी आई रोज दोन पोळ्या जास्त टाकायची आणि सकाळी त्या शिळ्या पोळ्या स्वतःच खायची. ताईने एकदा तिला रागाने विचारलं होतं, "तो मेला असेल तर?" आई म्हणाली, "तसं कुणी म्हणालं का?" तसं कुणीच म्हणालं नव्हतं. तीच तर गोची होती.

खरं तर ताईने त्या खेळाला जायचंच बंद करायला हवं होतं. पण धाकट्याचं नाव न कुजबुजता घेतलं जायचं अशी ती एकच जागा उरली होती. दर रविवारी डॉक्टर त्याची सोंगटी कडेला ठेवायचे आणि म्हणायचे, "तो दाराशी उभा आहे." ते ऐकलं की तिला बरं वाटायचं, आणि मग बरं वाटल्याचा राग यायचा.

४

ग्रंथपालबाई प्रत्येक बैठकीचं टाचण ठेवायच्या. वाचनालयात आयुष्य गेलेली बाई, नोंद केल्याशिवाय तिला घास गिळवायचा नाही. लोखंडी दरवाजाच्या भांडणानंतर बुधवारी त्यांनी ताईला फोन केला.

"अगं, मी मागचं सगळं चाळत होते. एक गंमत सांगू? तू डॉक्टरांवर उगाच चिडत नाहीस. पण ते सगळीकडे मनमानी करत नाहीत. राक्षस मारताना, विष उतरवताना, पुलावरून उडी मारताना फाशाप्रमाणेच चालतात. फक्त दारं."

"दारं काय?"

"दार उघडू देत नाहीत. अकरा महिन्यांत आपण एकोणीस दारांपाशी गेलोय. मी मोजली. एकही उघडलं नाही. त्याआधी असं नव्हतं हो."

ताईने फोन ठेवला. तिला डॉक्टरांची ती खोड आठवली, डोक्यावरून पलीकडे बघायची. आजवर ती समजत होती की ते घड्याळ बघतात. वैतागून, हे कधी संपणार म्हणून.

वेटिंग रूममधलं घड्याळ डॉक्टरांच्या मागच्या भिंतीवर होतं. तिने कितीतरी वेळा त्यात तीन वाजलेले बघितले होते. तिच्या मागे होतं फक्त दार.

५

पुढच्या रविवारी ती अडीचलाच गेली आणि डॉक्टरांच्या खुर्चीत जाऊन बसली.

तिथून दार समोर दिसत होतं. वरचा अर्धा भाग दुधी काचेचा, त्यावर डॉक्टरांच्या नावाची उलटी अक्षरं. बाहेर लांबट व्हरांडा, त्याच्या टोकाला पश्चिमेची खिडकी. दुपारचं ऊन त्या खिडकीतून येऊन काचेवर पडत होतं, आणि काच नुसती उजळली होती. दुसरं काही नव्हतं.

तिने उठून दार उघडलं. व्हरांड्यात दोन बंद ऑफिसं, जिना, फरशी. पायपुसणं एका बाजूने ओलं होतं. तिने वर बघितलं. छतावर कुठेतरी एसीचं पाणी गळत असणार. छत कोरडं दिसत होतं, पण दुपारच्या उन्हात वाळायला कितीसा वेळ लागतो?

डॉक्टर जिना चढून आले आणि तिला दारात बघून थांबले.

"तुम्ही कुणाकडे बघता?" ताईने विचारलं. "माझ्या मागे. दर वेळी. आणि थाप मारू नका, मी थापा पकडायचाच पगार घेते."

डॉक्टरांनी तिला आत घेतलं, दार लावलं, आणि लावल्यावर हँडल दोनदा दाबून बघितलं.

"धाकटा गेला त्याच्या दुसऱ्या रविवारपासून," ते म्हणाले. "काचेवर सावली असते. बाकीचे पाठमोरे किंवा बाजूला बसतात, त्यांना दिसत नाही. मी उठून बघितलंय, चार-पाच वेळा. दार उघडलं की कुणी नसतं. लावून परत बसलो की असतं. मी 'तो दाराशी उभा आहे' म्हणतो ना, मग ते तसंच राहतं. हलत नाही. एकदा मला खोकला आला आणि म्हणायचं राहून गेलं. हँडल खाली जायला लागलं. मी घाईघाईने म्हटलं, तेव्हा थांबलं."

"आणि आमची दारं?"

"गोष्टीत कुणी दार उघडायला लागलं की ते पुढे सरकतं."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग राग आला, आजवर आला नव्हता इतका.

"लाज वाटत नाही तुम्हाला?" ती म्हणाली. "माझा भाऊ गेलाय. माझी आई झिजत चाललीय घरी. आणि तुम्ही त्याचं भूत करून गोष्टीत घातलंत? काय हवं होतं, जरा थरार? खेळाला रंग चढावा म्हणून?"

"ताई, मी गोष्ट सांगत नाहीये."

"मग अकरा महिने तोंडात गुळणी धरून का बसलात? खरं असेल तर माझा भाऊ दाराबाहेर उभा आहे आणि तुम्ही त्याला आत घेतलं नाहीत! खोटं असेल तर तुम्ही नीच आहात. दोन्हीपैकी काय ते ठरवा."

"मला ठरवता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर त्याला उभं ठेवलंय. राहू द्या तसंच. माझ्यासाठी राहू द्या."

राहू द्या. म्हणजे बघूच. ताईने पर्स उचलली आणि त्या रविवारी न खेळताच घरी गेली.

६

आठवडाभर बसून तिने नियम लिहिले. ऑफिसच्या भाषेत, कलमं घालून, कुठे पळवाट राहणार नाही असे. फासा सगळ्यांसमोर टाकायचा, आडोसा काढून टाकायचा. छापील नियम आहे तिथे सूत्रधाराने आपलं डोकं चालवायचं नाही. आणि गैरहजर खेळाडूचं पात्र तीन बैठकांपेक्षा जास्त दाराशी ठेवायचं नाही. चौथ्या बैठकीला ते आत येईल. मोजणी सही झाल्यापासून.

बेकरीवाल्यांनी चष्मा लावून वाचलं. "ताई, राग मानू नका, पण हा नियम नाही, हा भावासाठीचा वशिला झाला. उद्या मी गेलो तर मलाही आपोआप आत घेणार?"

ते चांगल्या मनाने बोलले होते, पण ताईला लागलं. एकवीस वर्षांत वशिला हा शब्द तिला कुणी लावला नव्हता. तिने तिथल्या तिथे पेनने खोडून वर लिहिलं: फासा टाकावा. सम आल्यास आत, विषम आल्यास बाहेर. आलेला निर्णय कायम राहील व सूत्रधारास तो बदलता येणार नाही.

"आता?"

"आता ठीक," बेकरीवाले ओशाळून म्हणाले आणि सही केली. ग्रंथपालबाईंनीही केली. डॉक्टरांनी कागद हातात धरला, पुष्कळ वेळ.

"विषम पडून तो बाहेरच राहिला तर काय, याचा विचार केलात?" त्यांनी विचारलं. "आणि आत आला तर?"

"नियमाला भीती नसते, डॉक्टर. सही करा नाहीतर दुसरा सूत्रधार बघतो."

त्यांनी केली.

तिचा विश्वास होता का? नव्हता. सोमवार ते शनिवार अजिबात नव्हता. तिला फक्त तो फालतूपणा संपवायचा होता. फासा पडेल, काही होणार नाही, आणि डॉक्टर सगळ्यांसमोर तोंडावर पडतील. पण पहिल्या बैठकीला कुणी बोलत नसताना मागे काच कडकडल्यासारखी वाजली. उन्हाने काच तापते, ती म्हणाली मनात. दुसऱ्या बैठकीला बेकरीवाल्यांनी सहज मान वळवून दाराकडे बघितलं, आणि मग संपूर्ण दुपार त्यांनी कागदावरून नजर उचलली नाही. तिसऱ्या बैठकीला त्यांनी आजारी असल्याचा निरोप पाठवायचा प्रयत्न केला. ताईने फोन करून त्यांना झापलं आणि आणलं. डॉक्टर आता "तो दाराशी उभा आहे" म्हणत नव्हते. कागदात लिहिलंच होतं, बोलायची गरज नव्हती.

ताई तिन्ही वेळा मागे वळली नाही. का, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिने त्यालाच फाडून खाल्लं असतं.

७

चौथ्या रविवारी ऊन कडक होतं. टेबलावर आडोसा नसल्याने डॉक्टर फार लहान दिसत होते. ताईने फासा उचलला, हातात खुळखुळवला आणि टाकला.

चौदा.

"सम," ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला.

ताईने धाकट्याची सोंगटी कडेवरून उचलून कागदाच्या मध्यभागी ठेवली. "आला आत," ती म्हणाली. "झालं? बघा, काही झालं का?"

तिच्या मागे हँडल खाली गेलं.

ती वळली. काचेवर माणूस होता. पूर्ण उंचीचा, पाच फूट सहा इंच, तिने पहिल्या नजरेत मापला. हत्यारांची पिशवी वाहून वाहून धाकट्याचा उजवा खांदा खाली गेला होता, तसाच तो खांदा खाली होता. ताईच्या तोंडून त्याचं लाडाचं हाकेचं नाव निघालं, आणि ती धावली.

अर्ध्या वाटेत ती थबकली. दुधी काचेला पाणी लागलं की तेवढी जागा आरपार दिसते. काचेच्या अगदी खालच्या कडेला, हँडलच्या जरा वर, बाहेरून काहीतरी ओलं टेकलं होतं. रुपयाएवढी जागा स्वच्छ झाली होती, आणि वाढत होती. त्यातून एक डोळा आत बघत होता.

डोळा धाकट्याचा होता. पापणीवरच्या तिळासकट त्याचाच. पण सावलीचं डोकं वर होतं. ते हललं नव्हतं, वाकलं नव्हतं. ते वरून खाली बघत नव्हतं. आणि डोळा तिच्या कमरेच्या उंचीवर होता.

दार दोन बोटं उघडलं. ताईने अंग झोकून ते खांद्याने लावून धरलं.

"ताई," बाहेरून आवाज आला. "उघड ना. किती वेळ झाला."

आवाजात कुठे खोट नव्हती. सर्दी झाल्यावर बोलायचा तसा जरा नाकातून, बाकी तोच. दारावरचा जोर फार नव्हता, पण कमी होत नव्हता. आपल्याला आत यायचा हक्क आहे हे माहीत असलेल्या माणसाचा जोर होता तो.

"डॉक्टर!" ताई ओरडली. "म्हणा ना! तो दाराशी उभा आहे म्हणा!"

"तो दाराशी उभा आहे," डॉक्टर म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले. मग उभं राहून, टेबलावर मूठ आपटून म्हणाले. दार अजून एक बोट आत आलं. ताईच्या चपला फरशीवर मागे सरकल्या.

"तो कागद फाडा!"

ग्रंथपालबाईंनी कागदाचे तुकडे तुकडे केले. काही फरक पडला नाही. बेकरीवाले भिंतीला टेकून, तोंडावर हात धरून उभे होते.

"माझं ऐकत नाही आता," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्ही काढून घेतलंत ते, ताई. तुमचा नियम आहे. तुम्हीच सांगा. हा तुमचा भाऊ आहे, की नाही?"

वजन खोटं आहे की खरं, हे बघायला ताईकडे प्रमाण वजन असायचं, मखमलीच्या डबीत. एका पारड्यात ते, दुसऱ्यात हे, काटा काय ते सांगायचा. इथे काटा नव्हता, पान नंबर नव्हतं. आवाज त्याचा होता. खांदा त्याचा होता. डोळा त्याचा होता आणि चुकीच्या जागी होता. एवढ्यावर तिला ठरवायचं होतं, आणि दार आत येत होतं.

"ताई, पाय भिजलेत माझे," तो म्हणाला.

"नाही," ताई म्हणाली. "हा माझा भाऊ नाही."

जोर एकदम गेला. दार धाडकन बंद झालं.

"बरं," बाहेरून तो म्हणाला. जन्मभर तो तिच्याशी कधी वाद घालायचा नाही. ती रागावली की "बरं, ताई" म्हणून निघून जायचा. "बरं, ताई."

मग पावलं वाजली. ओल्या पायांची, अनवाणी. व्हरांडाभर गेली, जिन्यावर वळली, उतरायला लागली. मध्ये एका पायरीवर थांबली. ताईने श्वास धरला. मग पुन्हा उतरली, आणि शेवटी रस्त्याच्या आवाजात मिसळून गेली.

८

ग्रंथपालबाई हुंदके देत होत्या. बेकरीवाले खिडकीकडे निघाले तर ताई त्यांच्या अंगावर धावून गेली. "बघायचं नाही खाली! कुणी बघायचं नाही!"

मग ती डॉक्टरांवर उलटली. "मला का विचारलंत? तुम्ही अकरा महिने ठरवत होतात ना? मग आजच कसे हात टेकलेत?" डॉक्टर फाटलेल्या कागदाचे तुकडे गोळा करत होते. "तो वाकला असेल! काचेतून बघायला वाकला असेल, आणि वरची सावली दुसऱ्याच कशाची तरी असेल, खिडकीच्या दांड्याची, उन्हाची! तिरकं ऊन आहे, काहीही दिसतं! अनवाणी आला होता तो, त्याच्या चपला तिकडे पंपघरातच राहिल्यात, मग अनवाणीच येणार ना! आणि मी त्याला म्हटलं, तू माझा भाऊ नाहीस. मी म्हटलं!"

तिने टेबलाला लाथ घातली. फासा घरंगळत खाली गेला. कुणी आकडा बघितला नाही.

डॉक्टरांनी तिला पाणी आणून दिलं. तिने घेतलं नाही. ती खाली रस्त्यावर धावली असती, पण पायांना ते मान्य नव्हतं. दर वेळी ती दारापर्यंत गेली आणि काचेच्या त्या स्वच्छ डागाशी थांबली. डाग हळूहळू वाळत पुन्हा दुधी होत होता.

अर्ध्या तासाने तिचा फोन वाजला. आईचा होता.

"अगं, कुठे आहेस तू?" आई हसत होती आणि रडत होती. तिचा असा आवाज ताईने वर्षभरात ऐकला नव्हता. "लवकर ये, धाकटा आलाय! खरंच गं, समोर उभा आहे माझ्या. ओलाचिंब झालाय, रोडावलाय किती. काही विचारलं तर बोलत नाही फारसं."

तिघं तिच्याकडे बघत होते. डॉक्टरसुद्धा या वेळी सरळ तिच्याच चेहऱ्याकडे बघत होते.

"आई, तू दार उघडलंस?"

"उघडलं की! अगं, मी केव्हाची म्हणतेय आत ये, हात धरून ओढलं मी त्याला. पण येतच नाही. चौकटीबाहेर उभा राहिलाय, आणि एकच सांगतोय." आईने फोन जरा दूर धरून कुणाला तरी "थांब हं बाळा, विचारते," म्हटलं, आणि मग पुन्हा तिचा आनंदाने धापा टाकणारा आवाज आला. "म्हणतो, ताईला विचार, मी कोण आहे. सांग ना गं, काय सांगू त्याला?"